एसआय ५३५१ ए: आय-टू-सी बसवरून क्लॉक चिप हाताने प्रोग्रॅम करताना

जुन्या रेडिओचा लोकल ऑसिलेटर (स्टेशन पकडायला आतल्या आत फ्रिक्वेन्सी बनवणारा भाग), एफपीजीए (प्रोग्रॅम करता येणारी लॉजिक चिप) बोर्डाला लागणारी वेगळीच फ्रिक्वेन्सी, किंवा हॅमवाल्यांचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी फिरवता येणारा ऑसिलेटर). पूर्वी या प्रत्येकासाठी वेगळा क्रिस्टल नाहीतर गँग कंडेन्सर शोधत फिरावं लागे. आता एसआय ५३५१ ए ही दहा पायांची चिप २५ मेगाहर्ट्झच्या एका क्रिस्टलवरून तीन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी काढून देते. चिप मूळची सिलिकॉन लॅब्जची. २०२१ मध्ये त्यांचा हा विभाग स्कायवर्क्सने घेतला, त्यामुळे डेटाशीट दोन्ही नावांनी सापडते.

बहुतेक जण तयार लायब्ररी टाकतात, एक ओळ लिहितात आणि आउटपुट आलं की पुढे जातात. अडचण येते ती आउटपुट आलं नाही, किंवा आलं पण भलतंच आलं, तेव्हा. मग चूक वायरिंगमध्ये आहे, क्रिस्टलमध्ये आहे की गणितात, हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून इथे उलटा क्रम घेतला आहे: आधी मोजके आकडे हाताने लिहून १० मेगाहर्ट्झ काढायचे, ते पडताळायचे, मग सूत्र, आणि लायब्ररी वाटली तर शेवटी. या चिपमध्ये बस, म्हणजे मायक्रोकंट्रोलरशी बोलायच्या आय-टू-सीच्या दोन तारा, हा सोपा भाग आहे. माणसं अडकतात ती अंकगणितात.

सामान

५३५१चं मॉड्यूल (शक्यतो दोन घ्या), रास्पबेरी पाय पिको किंवा अर्डुइनो नॅनो, ४.७ किलोओमचे दोन रेझिस्टर (पुल-अपसाठी, म्हणजे बसच्या तारा सप्लायकडे वर ओढून धरायला), ब्रेडबोर्ड, दहा-बारा सेंटीमीटरच्या जम्पर वायरी, मल्टिमीटर आणि एएम-एफएम असलेला साधा खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ. शेवटची वस्तू चुकून लिहिलेली नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर तपासणी तिच्यावरच होणार आहे. आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अॅनलायझर असेल तर उत्तम.

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक शटर खाली असतात. दुकानात ‘क्लॉक मॉड्यूल द्या’ म्हणालात तर समोरून डीएस ३२३१ म्हणजे घड्याळाचं मॉड्यूल येईल. नंबर सांगा, गर्दीत शक्यतो कागदावर लिहूनच दाखवा. हातात आल्यावर दोन गोष्टी तिथेच बघा. क्रिस्टलच्या डबीवर २५.००० लिहिलंय की २७.०००? चिपला दोन्ही चालतात, पण पुढचं सगळं गणित त्या आकड्यावर उभं आहे. दुसरं, बोर्डवर मुख्य चिपशिवाय तीन पायांचे छोटे भाग आहेत का? ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आणि दोन मॉसफेट (५ आणि ३.३ व्होल्टची सांगड घालणारा लेव्हल शिफ्टर) दिसले तर ते मॉड्यूल ५ व्होल्टच्या नॅनोला थेट जोडता येतं.

सुटी चिप घ्यायचा मोह आवरलेला बरा. एमएसओपी पॅकेजच्या दोन पायांत अर्धा मिलिमीटर अंतर असतं. ती अडॅप्टर बोर्डवर सोल्डर करता येते, पण पहिल्याच प्रयोगात ‘सोल्डरिंग बिघडलं की प्रोग्रॅम?’ हा आणखी एक प्रश्न कशाला? तरी करायचीच असेल तर पायांचा क्रम असा: १ व्हीडीडी, २ आणि ३ क्रिस्टल, ४ एससीएल (बसची क्लॉक लाइन), ५ एसडीए (बसची डेटा लाइन), ६ क्लॉक-२, ७ आउटपुटचा सप्लाय व्हीडीडीओ, ८ ग्राउंड, ९ क्लॉक-१, १० क्लॉक-०. पाय १ आणि पाय ७, दोन्हीला प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी खेटून लावा. क्रिस्टलला बाहेरून कपॅसिटर लावायचे नाहीत, ते चिपच्या पोटात आहेत.

जोडणी

पिकोचा व्यवहार ३.३ व्होल्टचा, म्हणून तो सोयीचा. जीपी ४ ला एसडीए, जीपी ५ ला एससीएल, ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड. नॅनोवर ए ४ ला एसडीए आणि ए ५ ला एससीएल.

नॅनोबाबत एक सूचना गंभीरपणे घ्या. चिपच्या बसच्या पायांवर ३.८ व्होल्ट ही कमाल मर्यादा आहे. ‘मी पुल-अप ३.३ व्होल्टला लावलेत, मग काय होतंय’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण अर्डुइनोची वायर लायब्ररी सुरू होताच ए ४ आणि ए ५ वरचे अंतर्गत पुल-अप आपणहून चालू करते, आणि ते ५ व्होल्टला जोडलेले असतात. २० ते ५० किलोओमचे असल्याने चिप लगेच जळत नाही, म्हणून लोकांना वाटतं की चालतंय. लेव्हल शिफ्टर नसलेलं मॉड्यूल असेल तर नॅनो बाजूला ठेवा आणि पिको घ्या.

पुल-अप मॉड्यूलवर आधीच आहेत का, हे वीज बंद ठेवून मल्टिमीटरने पाहा: एसडीए आणि ३.३ व्होल्टच्या पिनमध्ये ४.७ किंवा १० किलोओमच्या आसपास आकडा आला तर आहेत, वेगळे लावू नका. नसतील तर ४.७ किलोओमचे दोन लावा. १०० किलोहर्ट्झच्या बसला ते पुरतात. ४०० किलोहर्ट्झवर जायचं असेल तर हिशेब बदलतो. तिथे सिग्नल वर चढायला ३०० नॅनोसेकंदांचीच मुभा असते, आणि बसची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तर ४.७ किलोओमवर साधारण ४०० नॅनोसेकंद लागतात. मग २.२ किलोओम घ्यावे लागतात. खरं तर या कामाला वेगाची गरजच नाही. १०० किलोहर्ट्झवर राहा.

वीज दिल्यावर, प्रोग्रॅम न टाकता, एसडीए आणि एससीएल दोन्हींवर जवळपास पूर्ण ३.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. एखादी लाइन शून्यावर असेल तर ती कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. तरंगतं, बोट लावलं की बदलणारं व्होल्टेज म्हणजे पुल-अप नाहीत. हे न बघता पुढे जाऊ नका.

चिप उत्तर देते का?

या चिपचा सात बिटांचा पत्ता ९६. अर्डुइनोची वायर लायब्ररी आणि मायक्रोपायथन, दोघांनाही ९६ द्यायचा. एसटीएम ३२च्या हॅल लायब्ररीत मात्र पत्ता एक घर डावीकडे सरकवून, म्हणजे १९२ द्यावा लागतो. लॉजिक अॅनलायझरवर कधी ९६, कधी १९२ आणि वाचताना १९३ दिसतो. तीन वेगळ्या चिपा सापडल्या असं समजून गोंधळू नका, तो एकच पत्ता आहे.

आधी १ ते १२७ पत्ते फिरवून स्कॅन करा. ९६ सोडून दुसराच पत्ता उत्तर देत असेल तर तुमच्या हातातली चिप वेगळ्या पत्त्याची किंवा सुसंगत नक्कल आहे; तोच पत्ता वापरून पुढे चला आणि रजिस्टर (चिपमधली आकडे ठेवायची क्रमांकित जागा) वाचून खात्री करा. वायर लायब्ररीचं एंडट्रान्समिशन जो आकडा परत करतं तो बहुतेक उदाहरणांत फेकून दिलेला असतो. फेकू नका. ० म्हणजे ठीक, २ म्हणजे पत्त्याला कोणी हूं म्हटलं नाही, ३ म्हणजे पत्ता पटला पण डेटा नाकारला. २ आला तर वायरिंग, सप्लाय नाहीतर पत्ता. इतक्या कमी शब्दांत इतकं निदान दुसरं काही देत नाही.

आता रजिस्टर ० वाचा: ९६ हा पत्ता, मग ० हा रजिस्टर क्रमांक, मग स्टॉप न देता पुन्हा स्टार्ट, आणि एक बाइट वाचन. या बाइटमधला सगळ्यात वरचा, म्हणजे १२८चा बिट चिप अजून जागी होते आहे असं सांगतो. तो शून्य होईपर्यंत काहीही लिहायचं नाही. क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी गुणणारे पीएलएल चिपमध्ये दोन आहेत, ए आणि बी; ३२चा बिट पीएलएल-एचं लॉक सुटल्याचा, म्हणजे तो स्थिर नसल्याचा, ६४चा पीएलएल-बीचं सुटल्याचा. १६चा बिट बाहेरचा क्लॉक मिळत नसल्याचा आहे. ए आवृत्तीला तो इनपुटच नाही, त्यामुळे तो चढलेला दिसला तर दचकू नका. म्हणूनच आख्खा बाइट शून्य आहे का हे तपासणं चूक. बाइटला १६०ने (१२८ + ३२) बिटवाइज अँड करा. उत्तर शून्य आलं की चिप जागी आहे आणि पीएलएल-ए लॉक आहे. मात्र लॉकचा बिट पीएलएल लिहून झाल्यावरच खरा मानायचा.

पहिले १० मेगाहर्ट्झ, फक्त आकड्यांनी

चिपचं पोट दोन टप्प्यांचं आहे. क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी पीएलएल गुणून वर नेतो. ती ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये बसली पाहिजे. मग मल्टिसिंथ नावाचा भाजक तिला भागून खाली आणतो. २५ गुणिले ३२ म्हणजे ८००, आणि ८०० भागिले ८० म्हणजे १०. दोन्ही पूर्णांक, अपूर्णांकाची भानगड नाही, म्हणून सुरुवात याने.

या क्रमाने लिहा. डावीकडे रजिस्टर, उजवीकडे त्यात घालायचा आकडा, सगळं दशमानात:

३ ← २५५
१६ ते २३, प्रत्येकी ← १२८
१५ ← ०
१८३ ← २१०
२६ ते ३३ ← ०, १, ०, १४, ०, ०, ०, ०
४२ ते ४९ ← ०, १, ०, ३८, ०, ०, ०, ०
१६ ← ७९
१७७ ← १६०
३ ← २५४

रजिस्टर ३ उलट्या अर्थाचं आहे: १ म्हणजे बंद, ० म्हणजे चालू. २५५ने सगळी आउटपुट बंद, शेवटी २५४ने फक्त क्लॉक-० चालू. इथे ‘१ म्हणजे चालू’ समजून १ लिहिणाऱ्याचं क्लॉक-० बंद राहतं आणि तो दोन तास वायरी हलवत बसतो. १६ ते २३मधले १२८ प्रत्येक आउटपुट झोपवतात. रजिस्टर १५मधलं शून्य म्हणजे दोन्ही पीएलएलना इनपुट क्रिस्टलकडून.

१८३ हे क्रिस्टलच्या लोड कपॅसिटन्सचं. १० पिकोफॅरडसाठी २१०, ८साठी १४६, ६साठी ८२. खालचे सहा बिट ठरावीकच ठेवायचे असतात, म्हणून हे आकडे असे विचित्र आहेत. मॉड्यूलवरचा क्रिस्टल किती पिकोफॅरडचा ते लिहिलेलं नसतं. १०पासून सुरुवात करा.

रजिस्टर १६मधले ७९ असे बनले: ६४ (पूर्णांक मोड), १२ (आउटपुटला स्वतःचाच मल्टिसिंथ जोडा) आणि ३ (८ मिलिअँपियरची ताकद). २ मिलिअँपियर हवे असतील तर ७६. १२ विसरलात तर आउटपुटला दुसराच स्रोत जोडला जातो आणि पिनवर क्रिस्टलचीच फ्रिक्वेन्सी येऊ शकते, नाहीतर काहीच नाही.

१७७मध्ये १६० लिहिलं की दोन्ही पीएलएल रीसेट होतात. ही पायरी पीएलएलचे आकडे लिहून झाल्यावरच. आधी केली तर कधी चालतं, कधी नाही, आणि ‘कधी कधी’ चालणारा प्रोग्रॅम हा न चालणाऱ्यापेक्षा जास्त वेळ खातो.

लागोपाठची आठ रजिस्टरं एकाच फटक्यात लिहिता येतात: पत्ता, पहिला रजिस्टर क्रमांक, मग आठ बाइट. चिप क्रमांक आपोआप पुढे नेते. नऊ बाइट होतात, आणि नॅनोवर वायर लायब्ररीचा बफर ३२ बाइटांचा, त्यामुळे अडत नाही.

तपासायचं कसं? स्कोप असेल तर प्रोब दहापटीवर ठेवा. एकपटीवर १० मेगाहर्ट्झचा चौकोन गोलसर दिसतो आणि उगाच शंका येते. स्कोप नसेल तर ट्रान्झिस्टर घ्या. आउटपुट चौकोनी असल्याने त्यात विषम पटी भरपूर असतात, आणि १० मेगाहर्ट्झची नववी पट ९० मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएम पट्ट्यात पडते. क्लॉक-०च्या पिनला दहा सेंटीमीटरची वायर लावा, रेडिओ तिच्या शेजारी ठेवून ९०.०च्या आसपास फिरवा. खरखर एकदम दबून शांतता झाली की वाहक लहर सापडली. खात्रीसाठी प्रोग्रॅममध्ये रजिस्टर ३ला दर सेकंदाला आलटून पालटून २५४ आणि २५५ लिहा: शांत, खरखर, शांत, खरखर. असा ठेका दुसरं कुठलंही स्टेशन देत नाही. वायर तेवढीच ठेवा. लांब अँटेना लावणं म्हणजे प्रक्षेपण, आणि त्याला परवाना लागतो.

आता सूत्र

गुणक असो वा भाजक, चिपला तो ‘ए अधिक बी भागिले सी’ अशा रूपात हवा असतो, तोही थेट नाही, तीन आकड्यांत रूपांतर करून:

पी१ = १२८ × ए + (१२८ × बी ÷ सी, दशांश कापून) − ५१२
पी२ = १२८ × बी − सी × (तोच कापलेला आकडा)
पी३ = सी

सी जास्तीत जास्त १०,४८,५७५, म्हणजे वीस बिट. आठ रजिस्टरांत हे आकडे असे पसरतात: पी३चा मधला बाइट, पी३चा खालचा, पी१चे सगळ्यात वरचे दोन बिट, पी१चा मधला, पी१चा खालचा, मग एका बाइटमध्ये पी३चे वरचे चार बिट डावीकडे आणि पी२चे वरचे चार उजवीकडे, मग पी२चा मधला आणि पी२चा खालचा. क्रम डोकं फिरवणारा आहे. कागदावर आठ चौकोन काढून भिंतीला चिकटवा.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. ५५८ किलोहर्ट्झवर मुंबईकरांनी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी वर्षानुवर्षं ऐकली. ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफचा (आतल्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीचा) रेडिओ ते स्टेशन पकडतो तेव्हा त्याचा लोकल ऑसिलेटर ५५८ + ४५५, म्हणजे १०१३ किलोहर्ट्झवर चालत असतो. तेवढंच ५३५१कडून काढायचं.

१.०१३ला ८००ने गुणलं की ८१०.४ मेगाहर्ट्झ, पीएलएलच्या हद्दीत. ८०० हा सम पूर्णांक आहे, आणि भाजक सम पूर्णांक ठेवला की आउटपुट सगळ्यात स्वच्छ मिळतं. ७९च्या ६४ बिटाला, म्हणजे पूर्णांक मोडला, ती अटच आहे. अपूर्णांक पीएलएलकडे ढकलायचा: ८१०.४ ÷ २५ = ३२.४१६, म्हणजे ३२ अधिक ५२/१२५.

पीएलएलसाठी १२८ × ५२ = ६६५६, त्याला १२५ने भागून कापलं की ५३. पी१ = ४०९६ + ५३ − ५१२ = ३६३७. पी२ = ६६५६ − ६६२५ = ३१. पी३ = १२५. ३६३७ म्हणजे १४ × २५६ + ५३. झालं:

२६ ते ३३ ← ०, १२५, ०, १४, ५३, ०, ०, ३१

मल्टिसिंथसाठी पी१ = १२८ × ८०० − ५१२ = १,०१,८८८. हा सोळा बिटांत मावत नाही. ६५,५३६ वजा केले की उरले ३६,३५२, म्हणजे १४२ × २५६. तो एक वरच्या बिटांत जातो:

४२ ते ४९ ← ०, १, १, १४२, ०, ०, ०, ०

नॅनोवर हमखास घसरायची जागा हीच. तिथे साधा इंट सोळा बिटांचा असतो. १२८ गुणिले ८०० हा गुणाकार इंटमध्ये केलात आणि उत्तर मोठ्या चलात साठवलंत, तरी गुणाकार आधीच फुटलेला असतो. चिन्हविरहित सोळा बिटांत केला तर वरचा एक गळून पडतो, चिप भाजक २८८ समजते आणि पिनवर २.८१४ मेगाहर्ट्झ येतात. चिन्हासकट केला तर ऋण आकडा लांबून वरचे दोन्ही बिट चढतात, भाजक १८२४ होतो आणि ४४४.३ किलोहर्ट्झ मिळतात. ८०च्या भाजकाला हे घडत नाही. म्हणून ‘१० मेगाहर्ट्झ बरोबर येतं, मेगाहर्ट्झच्या आसपास गेलं की वेडं होतं’ अशी तक्रार ऐकली की चिप बदलू नका, चलाचा प्रकार बदला. सगळं बत्तीस बिटांत करा.

फ्लोट तर वापरूच नका. नॅनोवर डबलसुद्धा बत्तीस बिटांचाच फ्लोट असतो, आणि ८१ कोटींच्या आसपास त्याची पायरी ६४ हर्ट्झची पडते. पूर्णांकांत हिशेब करा, मधला गुणाकार चौसष्ट बिटांत.

भाजकाच्या मर्यादाही ध्यानात असू द्या: ४, ६, ८, आणि ८च्या वर २०४८पर्यंत काहीही. ५ किंवा ७ चालत नाही. त्याहून खाली उतरायचं तर मल्टिसिंथपुढे १२८पर्यंत दोनाच्या घातांचा आणखी एक भाजक आहे. क्लॉक-०साठी तो रजिस्टर ४४च्या ६४, ३२ आणि १६ या बिटांत बसतो, म्हणजे पी१च्या वरच्या दोन बिटांच्याच घरात. दोन्ही एकत्र ‘ऑर’ करून लिहा. नाहीतर एक लिहिताना दुसरा पुसला जातो.

क्रिस्टल खोटं बोलतो

डबीवर २५.००० लिहिलंय म्हणून तो तेवढाच असतो असं नाही. स्वस्त मॉड्यूलवर दशलक्षात वीस-तीसची (म्हणजे वीस-तीस पीपीएमची) चूक सर्रास असते. १०१३ किलोहर्ट्झवर ३२ पीपीएम म्हणजे ३२ हर्ट्झ, एएमला कळणारही नाही. एसएसबी (हॅमवाल्यांची सिंगल साइडबँड पद्धत) ऐकायचं असेल किंवा कशाला संदर्भ म्हणून वापरायचं असेल तर मात्र मोजून घ्या.

मोजायला नॅनो चालतो, पण त्याच्या स्वतःच्या घड्याळावर विसंबू नका. बऱ्याच नॅनोवर सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो ५३५१पेक्षा शंभरपट ढिला. जीपीएस मॉड्यूलचा दर सेकंदाचा पल्स घ्या आणि त्याच्या दरम्यान टायमर-१ने डी ५ पिनवरचे पल्स मोजा. हा काउंटर सोळा मेगाहर्ट्झच्या नॅनोवर साधारण ६.४ मेगाहर्ट्झपर्यंतच मोजतो, म्हणून १० नको, ५ मेगाहर्ट्झ काढा: पीएलएल तोच ८००चा, भाजक १६०, रजिस्टर ४५मध्ये ३८ऐवजी ७८. शंभर सेकंद मोजा. जीपीएसची अँटेना खिडकीबाहेर आकाश दिसेल अशी ठेवा. चाळीच्या मधल्या खोलीत किंवा दोन टॉवरच्या फटीत ती लॉकच होत नाही आणि पल्स येत नाही, किंवा येतो तो भरवशाचा नसतो.

शंभर सेकंदांत ५०,००,००,००० यायला हवेत. ५०,००,१६,००० आले, तर चूक ३२ पीपीएम जास्त, म्हणजे खरा क्रिस्टल २,५०,००,८०० हर्ट्झचा. चूक शंभरच्या घरात असेल तर आधी रजिस्टर १८३ बदलून पाहा. लोड कपॅसिटन्स चुकीची निवडली गेली असेल.

आता १०१३ किलोहर्ट्झ पुन्हा, खऱ्या क्रिस्टलवर. ८१,०४,००,००० ÷ २,५०,००,८०० = ३२, बाकी १,०३,७४,४००. सी दहा लाख धरा. बी = बाकी × १०,००,००० ÷ २,५०,००,८००, जवळच्या पूर्णांकाला ४,१४,९६३. यातून पी१ = ३६३७, पी२ = १,१५,२६४, पी३ = १०,००,०००. रजिस्टरं:

२६ ते ३३ ← ६६, ६४, ०, १४, ५३, २४१, १९४, ६४

तुमच्या फंक्शनने हेच आठ आकडे दिले तर ते बरोबर लिहिलंय असं धरायला हरकत नाही. २४१च्या जागी ३१ आला तर पी२ आणि पी३चे वरचे चार-चार बिट अदलाबदल झालेत. ४,१४,९६२ला अडलात तर पूर्णांकात भागताना दशांश कापला गेला. फरक हर्ट्झच्या अगदी लहान अंशाचा आहे, पण भागण्याआधी भाजकाचा निम्मा मिळवायची सवय लावून घ्या.

रेडिओला जोडताना आणि ट्यून करताना

नॉब फिरवताना फक्त २६ ते ३३ ही आठ रजिस्टरं एकाच फटक्यात पुन्हा लिहायची. भाजक ८००वरच ठेवायचा आणि पीएलएल ६०० ते ९००च्या बाहेर जात नाही एवढं पाहायचं. १७७मधला रीसेट इथे नको. प्रत्येक रीसेटला आउटपुट क्षणभर तुटतं आणि हेडफोनमध्ये टक् असा आवाज येतो. आठ बाइट आठ वेगळ्या व्यवहारांत लिहिले तरीही टक् येतो, कारण मधल्या वेळात पीएलएल अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या आकड्यावर चालतो.

आउटपुटची उंची जवळपास ३.३ व्होल्ट असते. एनई ६०२ किंवा एसए ६१२ मिक्सरला (स्टेशनचा सिग्नल आणि ऑसिलेटर एकत्र करणाऱ्या चिपला) सहाव्या पायावर २०० ते ३०० मिलिव्होल्ट पुरतात. त्याला पूर्ण ३.३ व्होल्ट दिले तर मिक्सर चालतो, पण प्रत्येक स्टेशन तीन-तीन ठिकाणी ऐकू येतं आणि लोक दोष ५३५१ला देतात. क्लॉक-०पासून १ किलोओम, पुढे ग्राउंडला १०० ओम, आणि तिथून १० नॅनोफॅरडने सहाव्या पायाला. रजिस्टर १६मध्ये ७९ऐवजी ७६ लिहून ताकदही कमी करा. न वापरलेली आउटपुट १२८नेच झोपलेली राहू द्या. दोन शेजारची आउटपुट एकमेकांत झिरपतात.

डायरेक्ट कन्व्हर्जन (आयएफ न वापरता सिग्नल थेट आवाजात उतरवणाऱ्या) रिसीव्हरसाठी नव्वद अंशांच्या फरकाचे दोन क्लॉक लागतात. एकाच पीएलएलवर क्लॉक-० आणि क्लॉक-१ला तोच सम भाजक द्या, रजिस्टर १६५मध्ये ०, १६६मध्ये तो भाजकच लिहा आणि पीएलएल रीसेट करा. इथे रीसेट टाळता येत नाही. ही जागा सात बिटांची, म्हणजे भाजक १२६च्या वर नाही, त्यामुळे ४.८ मेगाहर्ट्झच्या खाली ही युक्ती चालत नाही. मध्यम लहरींसाठी चौपट फ्रिक्वेन्सी काढून दोन फ्लिप-फ्लॉपने भागा.

आणखी कुठे अडतं

वाचन सुरू असताना मायक्रोकंट्रोलरचं रीसेट बटण दाबलं गेलं तर चिप एसडीए खाली धरून बसते, तिला उरलेले बिट द्यायचे असतात. स्कॅनमध्ये मग काहीच दिसत नाही आणि प्रोग्रॅम तिथेच लटकतो. उपाय: बस सुरू करण्याआधी एससीएल साध्या पिनसारखी नऊ वेळा खालीवर करा. चिप हात सोडते.

पावसाळ्यात क्रिस्टलभोवती राहिलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि फ्रिक्वेन्सी सकाळ-संध्याकाळ सरकते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन क्रिस्टलचे आणि चिपचे पाय घासून काढा, सुकू द्या, मग कॅलिब्रेशन करा. समुद्राजवळच्या घरात जम्परच्या पिनाही काळ्या पडतात. काल चाललेला आणि आज पत्त्याला उत्तर न देणारा बोर्ड आधी पिना काढून-घालून पाहावा.

रजिस्टरांतलं सगळं वीज गेली की पुसलं जातं. प्रत्येक वेळी चालू होताना पूर्ण क्रम पुन्हा लिहायचा. अडचण येते ती अर्धवट झटक्यात: सप्लाय क्षणभर बसतो, ५३५१ विसरते, पण मायक्रोकंट्रोलर तगून राहतो आणि आपण आधीच लिहिलंय या भ्रमात असतो. म्हणून दर दोन सेकंदांनी रजिस्टर १६ वाचा आणि रजिस्टर ० १६०ने अँड करून पाहा. १६मध्ये तुम्ही लिहिलेला आकडा नसेल किंवा दुसरं उत्तर शून्य नसेल, तर रजिस्टर ३मध्ये २५५ लिहून सगळा क्रम पहिल्यापासून चालवा.